फोनशेजारची डायरी

घैसासांच्या घरातली डायरी फोनशेजारी असायची. रेक्झिनच्या कव्हरची, दर जानेवारीत कुठल्या तरी बेअरिंग कंपनीकडून भेट आलेली. नंदकिशोर घैसास सकाळचा चहा झाला की तिच्यात चार ओळी लिहीत. सिलिंडर आला. टाकी धुतली. सुलभाची बहीण बेळगावहून आली, कुंदा आणला. हवा ढगाळ.

ही डायरी कोणीही उघडावी, अशी घराची रीत होती. सुलभा त्यात दुधाचे खाडे बघायची. मुलगी शमिका पाहुण्यांचा फोन नंबर मागच्या पानावर लिहायची. वरच्या मजल्यावरच्या मथुराक्का तर आपली स्वतःचीच असल्यासारखी ती चाळत. त्यांचं घराणं पाच पिढ्या बेंगलोरात. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पुण्याहून आलेल्या माणसाला त्या नक्की काय म्हणाल्या हे पुन्हा विचारावं लागे. "अण्णा, आमच्या पंपाचं वायंडिंग गेल्या साली कधी केलं, स्वल्प बघून सांगा की," असं म्हणता म्हणता त्या डायरी स्वतःच उघडत. जे काही वाचत ते संध्याकाळपर्यंत मल्लेश्वरममधल्या मराठी घरांत पोचलेलं असे. त्यात दुष्टावा नव्हता. माणसं थोडी होती आणि सगळी एकमेकांची चौकशी करणारी होती.

नंदकिशोर एका सरकारी यंत्र कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. कारखान्याने माणसं कमी करायला घेतली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. सगळ्यांना वाटलं, घैसास शहाणे, वेळेत बाहेर पडले. खरं कारण वेगळं होतं. मापाच्या पट्टीवरची रेघ त्यांना नीट दिसायची, पण पट्टीशेजारी ठेवलेला पेला दिसायचा नाही. वर्षभरात त्यांनी टेबलावरचे बरेच पेले पाडले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बघायला सांगितलं आणि एक पेन कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. पेन दिसलं की सांगा. पेन जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत नंदकिशोर काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नजरेचा घेर कडेकडेने मिटत चालला आहे, नळीतून बघितल्यासारखं होत जाईल, अंधारात आधी त्रास होईल. औषध नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का? नंदकिशोरांना मिरजेचे आपले वडील आठवले. तात्यांना दिवेलागणीनंतर बाहेर पडायला आवडत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आवडत नाही, एवढंच कळलं होतं.

"मुलांमध्ये उतरू शकतो," डॉक्टर म्हणाले. "उतरेलच असं नाही."

परतताना रिक्षात, यशवंतपूरच्या सिग्नलला सुलभा म्हणाली, "शमीचं लग्न होईपर्यंत डोळ्यांचं नाव काढायचं नाही. कोणाकडेच. तिच्याकडेही नाही."

"तिला सांगायला नको?"

"ती कोणाला तरी सांगेल. मग संपलंच."

नंदकिशोरांनी वाद घातला नाही. सुलभाचं म्हणणं चुकीचं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. स्थळं कशी मोडतात ते दोघांनीही पाहिलं होतं. चुलत्याला कोड आहे एवढ्यावरून मोडलेली स्थळं त्यांच्या नात्यातच होती.

मग त्यांनी स्कूटर विकली आणि चालणं तब्येतीला बरं असं सांगितलं. मराठी मंडळाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांना जाणं सोडलं. निवृत्तीनंतर घैसास जरा माणूसघाणे झाले, असं लोक म्हणू लागले. घरात, सुलभाशी एकटं असतानासुद्धा, तो विषय निघेना. नियम बाहेरच्यांसाठी होता, पण घरात लागू झाला. रोज काहीतरी घडत होतं. पायरी चुकत होती, दाराची कड कपाळाला लागत होती, समोरून आलेला ओळखीचा माणूस एकदम हवेतून उगवल्यासारखा दिसत होता. आणि डायरीत मात्र सिलिंडर येत होता आणि हवा ढगाळ राहत होती.

वेगळी वही करावी असं त्यांच्या मनात आलं होतं. एक आणलीही. पहिल्याच दिवशी त्यांनी पानभर लिहिलं आणि मग पान लांब धरून बघितलं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. ज्या माणसाच्या तपासणीच्या अहवालांचं अक्षर नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवत, त्याचं हे अक्षर. वाचायचीही गरज नव्हती, नुसतं बघितलं तरी कोणालाही कळलं असतं. त्यांनी पान फाडलं, तुकडे केले आणि ते संपिगे रोडवरच्या कचराकुंडीत टाकून आले.

त्याच रस्त्यावर देवाप्पाचं इंटरनेटचं दुकान होतं. देवाप्पा पन्नाशीचा, पूर्वी कापडाचा धंदा करणारा. आता त्याच दुकानात प्लायवूडचे आडोसे घालून मशिनं मांडून बसला होता. कापडाच्या दुकानातली आरसे लावलेली भिंत त्याने तशीच ठेवली होती. नंदकिशोर पहिल्यांदा गेले ते कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला मेल करायला. देवाप्पाने त्यांना डोळे बारीक करताना बघितलं आणि न विचारता पडद्यावरची अक्षरं बोटाच्या पेराएवढी मोठी केली.

"सार, आता सरी? दिसतंय?"

नंदकिशोरांना एक पूर्ण ओळ दिसली. सरळ, काळी, हलत नसलेली. तरुणपणी सांगलीला त्यांनी टायपिंगची परीक्षा दिली होती, बोटांना कळफलक बघावा लागत नव्हता. त्या दिवशी ते ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसले.

काही आठवड्यांनी इंटरनेटवर एका अमेरिकन कंपनीच्या फुकटच्या जागेवर त्यांचं पान तयार झालं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं पडद्यावर आणायची कशी ते देवाप्पालाही ठाऊक नव्हतं. नाव दिलं नाही. खाली 'बेंगलोरचा एक निवृत्त मनुष्य' एवढंच. देवाप्पाला मराठी वाचता येत नव्हतं, शेजारच्या आडोशातली मुलं आपापल्या चॅटमध्ये बुडालेली असत. दुपारच्या वेळी, भर रस्त्यावरच्या दुकानात बसून, नंदकिशोर घरात बोलता येत नव्हतं ते लिहू लागले.

ते हळहळ लिहीत नसत. तपासणीवाल्याची सवय. आज उजवीकडून येणारी सायकल दिसली नाही, घंटा ऐकू आली म्हणून थांबलो. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकला, होती आणखी एक. आणि रोजच्या नोंदीच्या शेवटी ते एक शेरा लिहीत. कारखान्यात एखादा भाग नकाशातल्या मापाप्रमाणे नसला, पण बसवला तर काम देईल असा असला, तर त्याच्या कार्डावर शिक्का पडे, 'ॲक्सेप्टेड अंडर डेव्हिएशन'. मापात नाही, पण चालेल. नंदकिशोर आयुष्यभर हा शेरा घरीही वापरत आले होते. करपलेल्या थालीपिठावर, शमिकाच्या गणिताच्या मार्कांवर. जावयाने आणलेल्या आंब्यांवर तेवढा नव्हे, कारण जावई अजून नव्हता. आता दिवसांवर.

मग पानाखालच्या पाहुण्यांच्या वहीत, म्हणजे वाचणाऱ्यांनी चार शब्द लिहायच्या जागेत, उत्तरं येऊ लागली. टोरांटोतल्या एका बाईंच्या भावाला हाच आजार होता. त्यांनी लिहिलं, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारा. नंदकिशोरांनी रंग आणून पट्ट्या मारल्या आणि घरी सांगितलं, मथुराक्कांच्या गुडघ्यांसाठी. मथुराक्कांनी चार लोकांना कौतुकाने दाखवल्या.

शमिका तेव्हा इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिच्यासाठी पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा, अमित, कॅलिफोर्नियात. डिसेंबरात तो सुट्टीवर आला तेव्हा दोघं भेटली, पत्रिका जुळली, नंतर दोघांच्या मेल चालू झाल्या. उन्हाळ्यात बैठक ठरवायची होती. सुलभाने चांदीची भांडी उजळायला काढली होती.

मार्चमधल्या एका दुपारी नंदकिशोर देवाप्पाच्या कोपऱ्यातल्या मशीनवर लिहीत होते. त्या दिवशी एका सायकलवाल्याचं लिहून झाल्यावर त्यांनी प्रथमच मुलीबद्दल लिहिलं. तिला सांगायचं राहिलं आहे. तिच्यात उतरलं असेल तर तिला आत्ता कळायला हवं, आणि तेच नेमकं आत्ता सांगायचं नाही असं ठरलं आहे. ते थांबले, पुढचं वाक्य मनात जुळवत. तेवढ्यात डावीकडून काहीतरी पुढे येताना दिसलं. आधी बोटं, मग मनगट, मग मनगटावरचं घड्याळ. ते घड्याळ त्यांनी शमिकाला पहिल्या नोकरीच्या वेळी घेऊन दिलं होतं.

त्यांनी मान वळवली. शमिका शेजारच्या स्टुलावर बसली होती. हात अजून तसाच हवेत होता.

"कधी आलीस?"

"मघाशीच. सायकलवाल्याचं लिहीत होतात तेव्हा." तिने हात खाली घेतला. "मी एवढा वेळ इथे बसलेय, बाबा."

नंदकिशोरांनी तिच्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि विचारलं, "ऑफिस नाही?"

"अर्धी रजा टाकली. चला, कॉफी घेऊ."

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, दोघं उंच टेबलापाशी उभी राहिली. तिने पेला त्यांच्या अगदी समोर ठेवला. हे तिला आधीच कळलेलं होतं, हे त्यांना त्यावरून कळलं.

"लिहायचंच होतं तर वहीत लिहायचं," शमिका म्हणाली. "सगळ्या जगाला कशाला?"

"वही कुठे ठेवू? तुझी आई दर शनिवारी कपाट लावते."

"कुलूप लावायचं."

"आपल्या घरात कुलूप? मथुराक्का कुलूप बघूनच अर्ध्या मल्लेश्वरमला सांगून येतील." मग ते म्हणाले, "आणि अक्षर राहिलं नाही गं. तिथे मोठं दिसतं. शिवाय वहीत लिहिलं की तेच तसंच्या तसं मला परत. तिथे कोणी तरी विचारतं, मग पुढे काय झालं. पिवळ्या पट्ट्या मारायला मला कोणी सांगितलं असं वाटतं तुला?"

"पण ते लोक कोण, तुम्हांला ठाऊक तरी आहे?"

"नाही. म्हणूनच तर. त्यांच्यापैकी कोणाच्या मुलाला तुझं स्थळ सांगायचं नव्हतं."

शमिकाने कॉफीचा घोट घेतला. "एकाला होतं," ती म्हणाली.

नंदकिशोरांना कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या मेलमध्ये हे पान कधीपासून फिरत होतं. अमित रोज दुपारी डबा खाताना वाचायचा. त्याने परवाच्या मेलमध्ये तिला पत्ता पाठवला होता, तुमच्या गावचे काका आहेत, मस्त लिहितात, दिवसाला शेरा देतात, ओळखतेस का. तिने पान उघडलं आणि पहिला शेरा बघितल्यावर पुढचं वाचायची गरज उरली नव्हती. तरी सगळं वाचलं होतं, आरशांच्या भिंतीच्या दुकानासकट.

"मी ते पान काढून टाकतो," नंदकिशोर म्हणाले. "आत्ता जाऊन. त्याला मी कोण ते माहीत नाही. काही बिघडलेलं नाही."

"म्हणजे मी त्याच्याशी लग्न करायचं, तो जेवताना विचारणार, अगं त्या काकांचं पुढे काय झालं असेल गं, आणि मी भाजी वाढत बसायचं?"

"आईला विचार आधी."

"आईला विचारलं तर आई काय सांगेल ते तुम्हांलाही ठाऊक आहे."

तिने विचारलं नाही. आधी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी आज काही दिसत नाही असं सांगितलं, पुढचं सांगता येत नाही असंही सांगितलं. तिने दोन्ही गोष्टी अमितला लिहिल्या, ते काका कोण तेही लिहिलं, आणि मग घरी येऊन आईपुढे बसली.

सुलभा ओरडली नाही. भांडं घासत होती ते घासून पालथं घातलं. "तुम्ही दोघं मोकळे झालात," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही लिहून आणि ही सांगून. मी काय माझ्यासाठी तोंड शिवून बसले होते?"

"नाही," नंदकिशोर म्हणाले.

"ते पान कोणीही वाचू शकतं?"

"हो."

"मथुराक्काही?"

"त्यांच्याकडे कॉम्प्युटर कुठे आहे."

"तेवढं एक बरं," सुलभा म्हणाली आणि चांदीची भांडी पुन्हा जुन्या साडीत गुंडाळू लागली. अजून पुण्याहून काही कळलेलं नव्हतं.

अमितची मेल आली. लांबलचक, शब्द जपून लिहिलेली. त्यात त्याला नंदकिशोरांबद्दल किती आदर वाटतो हे होतं, आणि आईबाबांशी बोलतो असं होतं. रविवारी पुण्याहून त्याच्या आईचा फोन आला. पत्रिका दुसरीकडे दाखवली, नाडीचं काही तरी निघालं, असं त्या म्हणाल्या. सुलभा "बरं" म्हणाली, त्यांच्या सांधेदुखीची चौकशी केली आणि फोन ठेवला. शमिका न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. जेवायला बसली, पोळी मागून घेतली. अमित तिला आवडला होता, हे घरात कोणी बोललं नाही, पण कोणापासून लपलेलंही नव्हतं.

अमितने नंतर पान वाचलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पानावर किती जण येऊन गेले तो आकडा दिसतो, कोण आलं ते दिसत नाही. नंदकिशोर काही दिवस देवाप्पाकडे गेलेच नाहीत. काय लिहायचं ते सुचत नव्हतं असं नाही. आपल्याला जे मोकळं वाटलं त्याची किंमत मुलीने दिली, हे त्यांना लिहिता येईना.

शमिकाने तेही ओळखलं. "जायचं बंद केलंत का?" तिने विचारलं. "मग माझं लग्न मोडलं ते फुकटच."

हे तिने डब्यात भाजी भरता भरता म्हटलं, आणि ऑफिसला निघून गेली.

सुलभा नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती. मग एका सकाळी चहा झाल्यावर नंदकिशोरांनी फोनशेजारची डायरी उघडली, तर त्या दिवसाचं पान आधीच भरलेलं. शमिकाच्या जाड काळ्या मार्करने, पानभर मोठ्या अक्षरांत, सुलभाने लिहिलेलं: यांचे डोळे. गुरुवारी दहाला डॉक्टर. मी बरोबर जाणार.

शाई मागच्या पानापर्यंत उतरली होती. ते पान लपवायला जागा नव्हती. डायरी होती तिथेच राहिली, फोनशेजारी, उघडी.

दहा वाजायच्या सुमारास मथुराक्का खाली आल्या. त्यांना दूधवाल्याचा हिशोब बघायचा होता. त्यांनी डायरी ओढली, वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं. स्वयंपाकघराच्या दारात सुलभा उभी होती, हातात लाटणं तसंच.

"बरं झालं लिहिलंत," मथुराक्का म्हणाल्या. "अण्णा दोन साल झालं माझ्या रांगोळीवरून चालतायत की."

"तुम्ही तर कुत्र्याला शिव्या घालायचात," सुलभा म्हणाली.

"मग काय अण्णांना घालू? कुत्र्याला काय, त्याच्या पोरीचं लग्न थोडंच व्हायचंय." त्यांनी पान उलटून दूधवाल्याची नोंद शोधली. "गुरुवारी ना? आमच्या ह्यांचं मोतीबिंदू दाखवायचंच आहे. एकाच रिक्षात जाऊ. दोन-दोन मीटर कशाला."

गुरुवारी तिघांच्या रिक्षात चारजण बसले आणि रिक्षावाल्याशी मथुराक्कांचं सदाशिवनगरपर्यंत भांडण चाललं. डॉक्टरांनी नवीन काही सांगितलं नाही. एक पांढरी काठी घ्या म्हणाले, संध्याकाळसाठी. सुलभाने ती परतीच्या वाटेवरच घेतली.

त्याच संध्याकाळी नंदकिशोर देवाप्पाकडे निघाले तेव्हा सुलभाही चपला घालून तयार झाली. आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या भाजीवाल्यांच्या गर्दीतून दोघं गेली. कोणी दिसलं तर काठी मागे घ्यावी असं नंदकिशोरांच्या मनात एकदा आलं. मंडळाचे खजिनदार फुलं घेत होते, ते काठीकडे बघून थबकले आणि नमस्कार करून पुढे गेले.

देवाप्पाने सुलभासाठी स्टूल आणून नवऱ्याच्या डावीकडे ठेवलं. तिने ते उचलून पडद्याच्या कडेला, समोर, त्यांना दिसेल असं मांडलं. नंदकिशोरांनी टाइप केलं. डॉक्टर, काठी, रिक्षातले चौघे, मथुराक्कांची रांगोळी. प्रत्येक वाक्य झालं की सुलभा म्हणे, "वाचून दाखवा." ते वाचत.

"सिलिंडर आला ते नाही लिहिलंत," ती म्हणाली.

"इथे सिलिंडरचं काय?"

"लिहा. त्या टोरांटोच्या बाईंना कळू दे, इथे किती दिवस वाट बघावी लागते."

त्यांनी लिहिलं. सिलिंडर आला. हवा कोरडी. मग पानाच्या शेवटी, इतके दिवस 'बेंगलोरचा एक निवृत्त मनुष्य' असायचं तिथे त्यांनी आपलं नाव घातलं, आडनावासकट, आणि वर रोजचा शेरा दिला.

सुलभा पुढे वाकली. डोळे बारीक केले, मान मागे घेतली, पुन्हा पुढे आणली.

"आणखी मोठं करा ते अक्षर," ती म्हणाली. "मी चष्मा घरी विसरलेय."